घाण खोलीचा नियम

४ फेब्रुवारी

बारक्या,

हे पत्र हातानं लिहिलंय आणि पोस्टानं आलंय म्हणून हसू नकोस. ईमेलचं नुसतं नाव निघालं तरी मला सध्या मळमळतं. फोन केला असता, पण घरी भिंतीपलीकडे शेजारी आणि कामावर दारापलीकडे साहेब, दोघांचेही कान तिखट. तू कॉलेजात दिवसभर संगणक दुरुस्त करत बसतोस. त्या ज्ञानाचा एकदा सख्ख्या बहिणीला उपयोग होऊ दे.

आमची लॅब गेल्या सोमवारपासून बंद पडल्यातच जमा आहे. सकाळी आले तर सगळ्या संगणकांवर एकच पान. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलंय, पैसे भरा आणि किल्ली न्या. आणि त्याखाली, झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. बत्तीस वर्षं मी लोकांचं रक्त, थुंकी, लघवी आणि पू तपासतेय, मला कधी कशाची किळस आली नाही. त्या 'दिलगीर'ची आली. घर धुऊन न्यायचं आणि जाताना पायपुसणं सरळ करून जायचं, असली ही माणसं.

हॉस्पिटल काही थांबत नाही. आम्ही रिपोर्ट हातानं लिहितोय आणि शिपाई ते घेऊन तीन मजले चढतोय. परवा एकाचा कागद दुसऱ्याच्या खाटेवर गेला. नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. चौकशी सुरू झाली आणि आमच्या साहेबांनी दोन दिवसांत गुन्हेगार शोधूनसुद्धा काढला. आमच्याकडे नळ्या, बश्या, बाटल्या धुणाऱ्या एक बाई आहेत. सगळे त्यांना काचबाई म्हणतात. अकरा वर्षांत त्यांच्या हातून एक नळी फुटलेली मी पाहिलेली नाही. त्यांचं बेसिन घाण खोलीत आहे. घाण खोली म्हणजे जिथे आम्ही आलेले नमुने उघडतो ती. जे जे संशयास्पद ते तिथेच उघडायचं, बाहेर नाही, असा आमचा नियम. त्या खोलीत एक संगणकही आहे. दुपारी काचबाई जरा टेकायच्या त्या त्याच्या समोरच्या खुर्चीत, कारण तिथे दुसरी खुर्चीच नाही. एवढ्यावरून साहेब म्हणतात, यांनीच काहीतरी दाबलं. ज्या बाईला स्वतःच्या फोनमधला नंबर शोधायला दुसरा माणूस लागतो, तिनं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. त्यांना घरी बसवलंय. महिनाअखेरीला निकाल, आणि काढून टाकणार हे सगळ्यांना आत्ताच ठाऊक आहे.

तर मला एवढं सांग. ही कीड आत येते कशी? नुसतं खुर्चीत बसून, कोपर लागून येते का? की काही उघडावं लागतं? त्या आधीच्या शनिवारी एक ईमेल आली होती. कुणा रुग्णाची मुलगी म्हणत होती, माझ्या वडिलांचा रिपोर्ट तुम्ही चुकवलात, सोबत जोडलाय, बघा. तसल्या जोडलेल्या फायलीतून येतं का? नीट समजावून सांग, मला चौकशीत बोलायचंय.

माझा चहाचा कप आठवडाभर टेबलावर तसाच पडलाय, आत तपकिरी कडं धरलंय. जाता जाता काचबाई तो धुवायच्या. ते त्यांचं काम नव्हतं, पण धुवायच्या. आता बघवत नाही आणि धुववतही नाही.

तुझी ताई


९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. हात धुऊन केलाय, साबणानं, वीस आकडे मोजून. अठ्ठेचाळिसाव्या वर्षीसुद्धा तुला पत्र लिहायचं म्हटलं की मी आधी नखं बघतो.

खुर्चीत बसून काही होत नाही. कोपर लागूनही होत नाही. तुझ्या काचबाई सुटल्या समज. नव्याण्णव टक्के ती शनिवारची फाईलच आहे. लोकांना वाटतं फाईल म्हणजे कागद. कागद बिचारा पडून राहतो, तू वाचशील तेवढंच. फाईल उघडली की ती स्वतः कामाला लागू शकते. तुझ्याकडे येणारी थुंकीची डबी झाकण लावलेलं असेपर्यंत गप्प असते ना, तसंच. नावात काय लिहिलंय, बाहेरून चित्र कसलं दिसतंय, यावर जाऊ नये, डबीवर साखर लिहायला कुणाच्या बापाचं काय जातं.

बहुतेक वेळा फाईल उघडल्यावर वर एक पिवळी पट्टी येते. मजकूर नीट दिसण्यासाठी परवानगी द्या, म्हणते. ती पट्टी म्हणजे शेवटचं दार. ती दाबली की संपलं. तुमच्याकडे कुणीतरी दाबलीय. माझी पैज तुझ्या साहेबांवर.

आता तू म्हणशील, मग उघडायचं तरी कसं, खरीच कुणाची तक्रार असली तर? आधी त्या माणसाला फोन करायचा, आणि तोसुद्धा ईमेलमध्ये दिलेल्या नंबरावर नाही, तुमच्याकडे रुग्णाचा जो जुना नंबर असेल त्यावर. मुलगी खरी असेल तर बोलेल, भांडेलसुद्धा. तरीही बघायचंच असेल तर अशा संगणकावर, ज्याला कसली तार नाही, नेट नाही, ज्यात कुणाची एक ओळ साठवलेली नाही आणि जो उद्या पुसून कोरा केला तरी कुणी रडणार नाही. आमच्याकडे असा एक आहे, मुलं त्याला 'वाळीत टाकलेला' म्हणतात. त्याच्यावर उघडायचं, पडद्याचा फोनवर फोटो काढायचा आणि तो फोटो वाचायचा. फोटोला हातपाय नसतात.

चौकशीत एवढंच विचार, की फाईल कुठल्या संगणकावर उघडली ते आधी शोधा. तुमच्याकडे ईमेल येते तो संगणक कुठे असतो? घाण खोलीत तर नसणार.

तुझा बारक्या


१७ फेब्रुवारी

बारक्या,

बैठक झाली. ओकारी यायची तेवढी बाकी होती.

साहेब स्वच्छतेवर बोलले. वीस मिनिटं. बोलताना कागदाची टाचणी सरळ करून तिनं नखांतला मळ काढत होते आणि तो टेबलाच्या कडेला पुसत होते. समितीतले दोघे माना डोलावत होते. काचबाईंना बोलावलं होतं, त्या दारापाशी उभ्या. पाऊण तास झाला तरी कुणी बसा म्हटलं नाही. शेवटी मी माझी खुर्ची सरकवली, तर नको म्हणाल्या.

विचारलं, तुम्ही काय दाबलं. म्हणाल्या, मी काही दाबलं नाही. मग कोणी दाबलं? त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे, आणि म्हणाल्या, मी काय सांगू. बिचारीला वाटलं असेल मी काहीतरी बोलेन. बोलले मी. तू लिहिलंस ते सगळं सांगितलं, नुसतं बसून काही होत नाही, फाईल उघडावी लागते. साहेब म्हणाले, मग त्यांनीच उघडली असेल, तुमचे बंधू तिथे हजर होते का? समितीतला एक जण हसला. त्या हसण्याला वास असता तर खिडक्या उघडाव्या लागल्या असत्या.

तू विचारलंस ईमेल कुठे येते. ईमेल बाहेर, स्वच्छ खोलीत, रुग्णांचे नातेवाईक विचारायला येतात त्या टेबलावर येते. तिथून ती फाईल पेनड्राइव्हवर घेऊन घाण खोलीत नेलेली होती. हसू नकोस. संशयास्पद ते सगळं घाण खोलीत उघडावं, असं भिंतीवर लिहूनच ठेवलंय. ज्यानं कुणी नेली त्याला ती ईमेल संशयास्पद वाटली. वाटली म्हणूनच नेली ना, नियमाला धरून. तोंडाला मास्क, हातमोज्यांवर हातमोजे, पेनड्राइव्ह ट्रेमध्ये ठेवून. बाहेर उघडली असती तर बाहेरचा एक संगणक गेला असता. घाण खोलीतल्या संगणकाला मात्र आमची सहाही यंत्रं जोडलेली आहेत आणि तिथून वरचे सगळे वॉर्ड. म्हणजे जंतूंपासून जपायला बांधलेली खोली या किडीला राजरस्ता झाली. दिव्याखाली अंधार.

नेली कोणी ते कळलेलं नाही. त्या संगणकाचा पासवर्ड सगळ्यांचा एकच आहे, तोही पडद्याच्या कडेला चिकटवलेला.

काचबाई जाताना त्यांचा रबरी एप्रन घडी करून बेसिनवर ठेवून गेल्या. मी तो तिथून हलवू दिलेला नाही.

ताई


२३ फेब्रुवारी

ताई,

डबा खाता खाता तुझं पत्र वाचलं. पेनड्राइव्ह ट्रेमध्ये, इथे आलो आणि एवढा हसलो की शेजारच्या सरांनी पाणी पुढे केलं. मग हसू थांबलं आणि डबाही बंद केला.

हातमोज्यांवर हातमोजे. सबंध जगात असं करणारी एकच बाई मला माहीत आहे. मी सात वर्षांचा होतो, गोवरानं पडलो होतो. आई दवाखान्यात, बाबा कामावर. तू पंधराची. दोन-दोन प्लास्टिकच्या पिशव्या एकीवर एक हाताला बांधून तू मला चमच्यानं पाणी पाजायचीस. पिशव्यांचा चुरचुर आवाज मला अजून आठवतो. घाबरलेली होतीस, तरी एकदाही खोलीबाहेर राहिली नाहीस.

मी काही विचारत नाही. तूही सांगू नकोस, मला नको आणि त्या समितीला तर नकोच नको. तुला निवृत्त व्हायला चौदा महिने राहिलेत. पासवर्ड सगळ्यांचा एक असेल तर कोण बसलं होतं ते कुणालाही सिद्ध करता येणार नाही, हे मी या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. काचबाईंचं म्हणशील, तर आमच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत काच धुवायला माणूस हवाच आहे. मी शब्द टाकून ठेवलाय. गाव बदलावं लागेल एवढंच. त्यांचंही भागेल, तुझंही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बारक्या


२ मार्च

बारक्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं, दोन्ही वेळा शिसारी आली. पहिल्यांदा तुझी. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की ही झाकली मूठ घेऊनच मी महिनाभर दात घासतेय, जेवतेय, झोपतेय. तू फक्त ते कागदावर लिहिलंस.

हो, मीच. आणखी कोण असणार. दुसरं काही लिहून आलं असतं, बक्षीस लागलंय, खातं बंद होतंय, तर ढुंकून बघितलं नसतं. पण तुमचा रिपोर्ट चुकला, असं लिहिलं होतं. बत्तीस वर्षांत माझा एक रिपोर्ट चुकला नाही असं मी चारचौघांत सांगत फिरते, त्याच दुखऱ्या जागी बोट ठेवलं मेल्यानं. आत अक्षरं सगळी फिसकटलेली आणि वर तुझी ती पिवळी पट्टी. दाबली. तरी काही दिसेना, म्हणून पुन्हा दाबली. मग पेनड्राइव्ह स्पिरिटनं पुसून परत जागेवर ठेवली. स्पिरिटनं पुसली, बारक्या. आणि भिंतीवरचा तो नियम माझ्याच अक्षरात आहे, खाली साहेबांची सही.

सोमवारी ते पान पडद्यावर बघितलं तेव्हाच मला कळलं होतं. तुला पहिल्या पत्रात विचारलं, कोपर लागून येतं का. मला वाटत होतं तू हो म्हणशील.

आता पुढचं ऐक आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी काचबाईंच्या घरी गेले. कबूल करायला नाही. तुझ्या कॉलेजची नोकरी घेऊन गेले. एक खोली, ओट्यावर पेले ओळीनं पालथे घातलेले, एकावर डाग नाही. मी बसून सांगितलं, माझा भाऊ चांगला आहे, काम हेच, खोली बघून देईल. किती गोड बोलत होते मी, आठवलं की घशाशी येतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, त्या शनिवारी मी बेसिनपाशीच होते. स्पिरिटची बाटली मीच दिली तुमच्या हातात."

मला आठवतच नव्हतं. मी हात पुढे केला, हातात बाटली आली. कोणी दिली ते मी बघितलंच नव्हतं. अकरा वर्षं बघितलं नसणार.

मी विचारलं, मग समितीत का बोलला नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही सांगाल असं वाटलं. आज सांगाल, उद्या सांगाल. मी कशाला तुमचं नाव घेऊ."

मला तिथे पाणीसुद्धा पिववेना. सकाळी उठून सरळ साहेबांकडे गेले आणि सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. मग चहा मागवला. म्हणाले, "बाई, अहवाल वर जायच्या बेतात आहे. आता तुमचं नाव घातलं की नियम कुणी मंजूर केला तेही निघणार. तुम्ही काही बोलला नाहीत, मी काही ऐकलं नाही." आणि स्वतःच्या बशीतला चहा फुरकन ओढला. मला त्यांची किळस यायला हवी होती. आली नाही, कारण समोर आरसा धरल्यासारखं वाटत होतं.

खाली येऊन दोन कागद लिहिले. शनिवारी किती वाजता, कुठली ईमेल, कुठल्या संगणकावर, कोणी. काचबाईंचा काही संबंध नाही हे दोनदा लिहिलं. एक हॉस्पिटलच्या मुख्य डॉक्टरांच्या हातात नेऊन दिला. दुसरा घाण खोलीत त्या नियमाच्या खाली चिकटवला. अक्षर सारखंच आहे, कुणालाही पटेल.

ताई


९ मार्च

ताई,

माझी मान खाली आहे. दुसऱ्याच्या नोकरीचं मी असं सहज लिहून टाकलं, गाव बदलावं लागेल एवढंच. 'एवढंच' म्हणे. तुझी भावजय म्हणाली, तुझ्या बहिणीची काळजी कळते, पण त्या बाईला तू टेबलखुर्ची समजलास का.

वेगळ्या पार्सलानं 'वाळीत टाकलेला' पाठवतोय. माझा जुना आहे. नेटचा भाग मी पकडीनं उपटून काढलाय, आत काही नाही. खोकं कुठल्याही खोलीत ठेव, फक्त कशाला जोडू नकोस. संशयास्पद काही आलं की त्याच्यावर. पुसून कोरा करायची रीत कागदावर लिहून आत घातलीय, ढ विद्यार्थ्यालासुद्धा जमते.

तुझं काय झालं ते कळव. आणि काचबाईंना माझ्याकडूनही माफ करा म्हण.

बारक्या


२६ मार्च

बारक्या,

पार्सल मिळालं. दोन दिवस उघडलं नाही. मग जुन्या डायरीतल्या नंबरावर तुझ्या कॉलेजात फोन केला आणि शिपायाला विचारलं, खरंच तुमच्या सरांनी असलं काही पाठवलंय का. तो म्हणाला, हो, सर स्वतः दोरी बांधत होते. मग उघडलं. शिकतेय हळूहळू.

माझं म्हणशील तर मला यंत्रांवरून उठवून नमुने घ्यायच्या खिडकीत बसवलंय. डबी घ्यायची, नाव विचारायचं, चिठ्ठी लावायची. उरलेले तेरा महिने हेच. हातमोजे एकच जोड घालते. जुने रिपोर्ट अर्धेअधिक परत मिळाले, उरलेल्यांसाठी लोकांना पुन्हा सुया टोचाव्या लागतायत. त्यातले काही माझ्याच खिडकीत बाही वर करून उभे राहतात आणि विचारतात, पुन्हा का? मी सांगते, आमची चूक झाली. साहेब जागच्या जागी आहेत. भिंतीवरचे दोन्ही कागद मात्र नाहीत, त्या जागी रंग जरा उजळ दिसतो.

काचबाई परत आल्या. चौकशीत त्यांचं नाव नाही, लेखी मिळालं. मी सगळ्यांसमोर माफी मागितली, तुझाही निरोप सांगितला. त्या "बरं" म्हणाल्या आणि एप्रन बांधून कामाला लागल्या. काच पुन्हा पूर्वीसारखी लख्ख.

माझा कप टेबलावर तसाच होता. पहिल्या दिवशी वाटलं, विसरल्या असतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं टेबल पुसलं, कप उचलला, खालचं पुसलं आणि कप होता तिथेच ठेवला. काल मी तो घेऊन चहाच्या खोलीतल्या नळापाशी गेले. तिथे त्या स्वतःचा पेला धूत होत्या. त्यांनी सरकून जागा दिली. मी बराच वेळ घासत होते. तपकिरी कडं काही पुरतं निघालं नाही.

तुझी ताई